वाचकांचे प्रश्न : डीएसएलआरवरचा व्हिडिओ

डीएसएलआर (लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यावर व्हिडिओ घेण्याबद्दल प्रश्न मागवले होते. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून पत्रं आली, आणि बहुतेकांची तक्रार एकच होती : फोटो उत्तम येतात, व्हिडिओ मात्र कच्चा वाटतो. कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या दर्जात नसतं. फोटोत कॅमेऱ्यानं क्षणापुरता निर्णय घेतला तरी भागतं. व्हिडिओत तोच निर्णय शॉट संपेपर्यंत टिकावा लागतो. शॉट चालू असताना उजेड, रंग, फोकस किंवा आवाजाची पातळी आपोआप बदलायला लागली की बघणाऱ्याला ते लगेच खटकतं. म्हणून रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी काय काय पक्कं करून ठेवायचं, हाच मुद्दा पुढच्या बहुतेक उत्तरांत येईल.

प्रश्न : खासबागेत आणि गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचं शूटिंग करतो. कॅमेरा कॅनन ७००डी, लेन्स ५५-२५० मिमी. दुपारच्या उन्हातल्या कुस्त्या तुटक दिसतात, पैलवान झटके देत हलल्यासारखे वाटतात. कॅमेरा फिरवला की मागचे खांब तिरके होतात. (शिवाजी पेठ)

तुटकपणा शटरमुळे, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी उजेड किती वेळ आत घेतला त्यामुळे येतो. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा उन्हात शटर १/१०००च्या पुढे नेतो. मग प्रत्येक फ्रेममध्ये पैलवानाचा हात कोरल्यासारखा स्पष्ट उमटतो आणि दोन फ्रेममधली हालचाल डोळ्याला जोडता येत नाही. हालचाल सलग दिसायला प्रत्येक फ्रेममध्ये थोडा पुसटपणा हवा. त्यासाठी शटर फ्रेम रेटच्या (सेकंदाला जितक्या फ्रेम त्याच्या) दुप्पट ठेवतात : २५ फ्रेमला १/५०.

मेनूत व्हिडिओ सिस्टिम पाल (५० हर्ट्झ विजेच्या देशांतली) करा, १९२०×१०८०, २५ फ्रेम निवडा. डायल एमवर (मॅन्युअल) ठेवून स्विच व्हिडिओवर न्या. शटर १/५०, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००. आता अडचण येईल ती उजेडाची. कडक उन्हात एवढ्या शटरला अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/२२ पर्यंत बंद करावं लागतं, आणि तिथं चित्र मऊ पडतं, शिवाय सेन्सरवरची धूळ ठिपके होऊन दिसते. उपाय म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सपुढं लावायची उजेड कमी करणारी काळसर काच. एनडी १६ चार स्टॉप उजेड कापतो (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एफ/२२चं एफ/५.६ होतं. तुमच्या लेन्सला ५८ मिमीचा फिल्टर लागेल. फिरवून कमी-जास्त होणारा एनडी सोयीचा वाटतो, पण स्वस्तातला असेल तर लांबच्या झूमवर चित्र धूसर करतो आणि वाइडवर टोकापर्यंत फिरवला की काळी फुली उमटते. कुस्तीसाठी साधा, एकाच क्रमांकाचा घ्या.

एफ/५.६च का, तेही सांगतो. तुमची लेन्स ५५ला एफ/४ देते, पण २५०ला एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/४वर सुरुवात करून झूम केलंत तर शॉट मध्येच काळवंडतो. पहिल्यापासून एफ/५.६ ठेवलं की हा प्रश्न उरत नाही.

फोकस कुस्तीच्या हौद्याच्या मधोमध धरा. दहापट मोठं करून तपासा आणि लेन्सवरचं बटण एमएफवर (हाताने फोकस) टाका. १०० मिमीला, वीस मीटरवरून, एफ/५.६ला साधारण आठ मीटर खोलीपर्यंत सगळं स्पष्ट राहतं. म्हणजे हौद्याचा मधला बराचसा भाग त्यात बसतो आणि लढत संपेपर्यंत फोकसच्या रिंगला हात लावायची गरज सहसा पडत नाही. २५०ला मात्र ही खोली सव्वा-दीड मीटरवर येते. तेवढं जवळून घ्यायचं असेल तर ते फक्त सलामीच्या आणि निकालाच्या वेळी, पैलवान एका जागी असताना.

खांब तिरके होतात त्याचं कारण वेगळं आहे. सेन्सर संपूर्ण चित्र एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीनं वाचतो. खालच्या ओळी वाचेपर्यंत कॅमेरा फिरलेला असतो. एडिटिंगमध्ये हे पूर्ण निघत नाही, म्हणून कॅमेरा सावकाश फिरवा. फ्रेमच्या एका कडेला असलेला खांब दुसऱ्या कडेला जायला किमान सात सेकंद लागले पाहिजेत. आमचं स्पष्ट मत असं की कुस्तीत कॅमेरा फिरवूच नये. ट्रायपॉडवर थोडी सैल फ्रेम बांधा आणि पैलवानांना तिच्यात फिरू द्या. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझर बंद ठेवा, नाहीतर स्थिर चित्र अधूनमधून तरंगतं.

डावाची स्लो मोशन हवी असेल तर ७००डीवर १२८०×७२०, ५० फ्रेम आहे. त्याला शटर १/१००. पंचवीसच्या टाइमलाइनवर ती क्लिप निम्म्या वेगानं स्वच्छ चालते. चित्र थोडं कमी तपशिलाचं असतं, म्हणून अख्खी कुस्ती त्यात घेऊ नका. दिवे लागले की एनडी काढा, शटर तेच ठेवा, आयएसओ १६०० पर्यंत न्या. लाल मातीची धूळ उडत असताना लेन्स बदलू नका.

प्रश्न : मंगल कार्यालयातल्या व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. सगळ्यात नाही, काही दिव्यांखालीच. (गांधीनगर)

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूब आणि साधे एलईडी त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. १/५० किंवा १/१०० शटरला प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण आवर्तनं बसतात आणि पट्टे दिसत नाहीत. १/६०, १/८०, १/१२५ यांना दिसतात. कॅमेरा एनटीएससीवर (६० हर्ट्झ विजेच्या देशांतली पद्धत) असेल आणि तुम्ही ३० फ्रेमला १/६० ठेवत असाल तर पहिला संशय तिथंच.

शटर बरोबर असूनही पट्टे येत असतील तर दोन गोष्टी पाहा. कार्यालय जनरेटरवर गेलं असेल तर वारंवारता बरोबर ५० राहत नाही आणि फिकट पट्टा हळूहळू सरकतो. वीज परत येईपर्यंत शक्यतो त्या दिव्यांकडे कॅमेरा रोखू नका. दुसरं, स्टेजवरचे मंद केलेले रंगीत एलईडी. स्वस्त डिमर दिवा मंद करायला तो भराभर चालू-बंद करतो, आणि त्याचा वेग विजेच्या वेगाशी जुळत नाही. डेकोरेशनवाल्यांना दिवे पूर्ण तेजावर ठेवायला सांगा आणि उजेड जास्त झाला तर आयएसओ उतरवा. हे मुहूर्ताच्या आधी, मंडप रिकामा असताना तपासायचं. दहा सेकंदांची क्लिप घेऊन मोठ्या पडद्यावर बघितली की पट्टा लगेच कळतो. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर तो सुटू शकतो.

प्रश्न : आमच्या गुऱ्हाळावर माहितीपट करतेय. आत अंधार, दारातून भगभगीत उजेड, चुलवाणाची ज्वाळा आणि काहिलीची (रस उकळायच्या मोठ्या कढईची) वाफ. एकतर सगळं काळं येतं नाहीतर दार पांढरंफेक. वाफ तर दिसतच नाही, नुसता धुरकटपणा. शिवाय लेन्सवर बाष्प धरतं. (करवीर तालुका)

विषय सुंदर निवडलात, आणि अवघडही.

आधी उजेड. दार आणि आतला काळोख यांतला फरक कॅमेऱ्याला एका फ्रेममध्ये झेपत नाही, कुठल्याही सेटिंगनं झेपणार नाही. तेव्हा उघडं दार फ्रेमच्या बाहेर ठेवा, पण त्याचा उजेड वापरा. वाफेचे कण मागून येणारा उजेड तुमच्याकडे वळवतात, समोरून पडलेल्या उजेडात ते नुसते राखाडी होतात. तुम्ही बहुधा दाराकडे पाठ करून शूट करताय, म्हणून धुरकट दिसतं. काहिलीच्या पलीकडे, थोडं कडेला दार येईल अशी जागा धरा. दाराची चौकट फ्रेमच्या जरा बाहेर आणि वाफेच्या मागे काळी भिंत. सकाळी ऊन तिरपं असताना छपराच्या फटींतून येणारे झोत वाफेत ठळक दिसतात. शॉटची वेळ त्यावरून ठरवा आणि त्या वेळेला आदण (काहिलीतला रस) उकळीला आलेलं असेल असं गुळव्याशी (गूळ करणाऱ्या कारागिराशी) आदल्या दिवशी बोलून ठेवा.

शटर १/५०, अॅपर्चर एफ/२.८ ते ४, आयएसओ ८०० ते १६००. उजेडाचं मोजमाप वाफेच्या सर्वांत उजळ भागावर करा. तो पांढरा होऊन तपशील गेला तर परत मिळत नाही, सावलीतला थोडा मिळतो. चुलवाणातली ज्वाळा मात्र पांढरी झाली तर होऊ द्या. ती वाचवायला गेलात तर चिपाडं टाकणाऱ्या माणसाचा चेहरा जाईल.

रंगाचं गणित असं (उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका नारिंगी, जास्त तितका निळसर) : ज्वाळा २००० केल्विनच्या आसपास, दारातलं आकाश ५५०० किंवा त्याहून वर. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता हे कॅमेऱ्यानं ठरवणं) या दोन टोकांत हेलकावे खातो, आणि ज्वाळा भडकली की अख्खी खोली निळसर करतो. ४००० केल्विनच्या आसपास पक्कं करा. ज्वाळा नारिंगी राहते, दाराकडचा उजेड किंचित थंड येतो आणि गूळ गुळाच्या रंगाचा दिसतो. लहान कॅमेऱ्यांत केल्विनचा आकडा टाकायची सोय नसते. तिथं कॅननवरचं पांढऱ्या ट्यूबचं चिन्ह साधारण ४०००ला बसतं. त्यानं गुलाबी झाक येते, ती व्हाइट बॅलन्स शिफ्टमध्ये हिरव्याकडे एक-दोन घरं सरकवून काढा. गुळाच्या रंगावरच त्याचा भाव ठरतो, त्यामुळे शेतकरी तुमचा माहितीपट बघताना सर्वांत आधी तिथंच नजर लावतील.

बाष्प धरतं कारण लेन्स गार असते आणि आतली हवा गरम, दमट. बॅग बंद ठेवूनच गुऱ्हाळघरात न्या, पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या, मग उघडा. पुढं यूव्ही फिल्टर (लेन्स जपणारी पारदर्शक काच) लावा. फिल्टरवर येणाऱ्या शिंतोड्यांत साखर असते. कोरड्या कापडानं पुसलं तर चिकट थर पसरतो. आधी ओलसर मऊ कापड, मग कोरडं. काहिलीजवळ जाण्यापेक्षा दोन-तीन मीटरवरून लांबची लेन्स वापरा. वाफेचे थर एकमेकांवर येऊन चित्र अधिक दाट दिसतं आणि रस ढवळणाऱ्यांच्या वाटेत तुम्ही येत नाही. तिथं तेच जास्त महत्त्वाचं, उकळता रस अंगावर उडाला तर चटका खोल बसतो.

ट्रायपॉड घाण्याच्या जमिनीवर ठेवला तर इंजिनाची थरथर चित्रात उतरते. पायांखाली पोत्याच्या घड्या घाला, मधला दांडा खाली घ्या. इंजिन चालू असताना कुणाशी बोलू नका, मुलाखत घाणा थांबल्यावर घ्या. मात्र इंजिनाचा, काहिलीच्या बुडबुड्यांचा आणि वाफ्यात (शिजलेला गूळ ओततात त्या पसरट जागेत) गूळ घोटण्याचा आवाज प्रत्येकी मिनिटभर वेगळा टिपून ठेवा. एडिटिंगला बसल्यावर तो उपयोगी पडतो.

प्रश्न : गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) साज हा दागिना करणाऱ्या कारागिरांच्या मुलाखती घेतो. चित्र चांगलं, आवाज पोकळ आणि मागे सतत घरघर. कॅमेरा कॅनन १५००डी. मोबाइलचा कॉलर माइक चालेल का? (महाद्वार रोड)

१५००डीला माइकचं भोकच नाही. निकॉनच्या डी३४०० आणि डी३५००लाही नाही, ही गोष्ट विकत घेताना कुणी सांगत नाही. तुमच्यासाठी सरळ मार्ग : कॉलर माइक मोबाइलला लावा, मोबाइल कारागिराच्या खिशात द्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि आवाज तिथं रेकॉर्ड करा. कॅमेऱ्याचा आवाजही चालूच ठेवा, तो जुळवणीसाठी लागतो. सुरुवातीला फ्रेममध्ये दिसेल अशी एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्ही आवाजांतलं टाळीचं टोक जुळवलं की झालं. सलग अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग असेल तर शेवटी दुसरी टाळी घ्या. दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात आणि शेवटाकडे ओठ-आवाज एखाद-दोन फ्रेमनं सुटू शकतात.

कॅमेऱ्याला माइकची सोय असणाऱ्या वाचकांसाठी : मोबाइलच्या माइकची पिन थेट कॅमेऱ्यात चालत नाही. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर ती मोबाइलची, दोन असतील तर कॅमेऱ्याची. मध्ये छोटा अॅडॅप्टर लागतो. ऑटो पातळी बंद करा, नाहीतर माणूस थांबला की कॅमेरा आवाज वाढवतो आणि रस्त्याचा गोंगाट आत येतो. हाताने पातळी अशी लावा की मोठ्यातला मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल.

माइक हनुवटीखाली एक वीत. तारेला कपड्याच्या आत एक सैल वेटोळं द्या म्हणजे ओढ माइकपर्यंत पोहोचत नाही. पोकळपणा उघड्या भिंती आणि फरशीमुळे येतो. कॅमेऱ्याच्या मागे दोन वाकळी टांगा, एक खाली अंथरा, फरक लगेच ऐकू येईल. घरघर बहुधा पंख्याची. तो बंद करता येत नसेल तर निदान माइक त्याच्या झोताबाहेर ठेवा. ठोकणीचा नाद बोलण्याच्या खाली येऊ देऊ नका, काम चालू असताना वेगळा घ्या.

याच संदर्भात शिवाजी पेठेच्या वाचकांसाठी एक भर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत साधारण चौदा मीटरला एक फ्रेम उशीर. हलगी चाळीस मीटरवर वाजत असेल तर टिपरीचा ठोका दिसल्यावर तीन फ्रेमनी ऐकू येतो. एडिटिंगमध्ये आवाज तेवढा आधी सरकवा, ठोका बरोबर बसतो.

प्रश्न : इरकली लुगड्यातल्या बारीक चौकड्यांवर रंगीत लाटा खेळतात. कॅमेरा बिघडलाय का? (इचलकरंजी)

नाही. व्हिडिओसाठी बऱ्याच डीएसएलआर सेन्सरच्या सगळ्या ओळी वाचत नाहीत, मधल्या गाळतात. कापडाची वीण आणि वाचलेल्या ओळी एकमेकींत अडकल्या की लाटा उमटतात. एक पाऊल पुढे-मागे जा किंवा झूम किंचित बदला. तरी राहिल्या तर फोकस केसभर चेहऱ्याच्या पुढे आणा म्हणजे वीण मऊ होईल. कॅमेऱ्यातलं शार्पनेस शून्यावर ठेवा. ज्यांना बोलवायचं त्यांना शक्य असेल तर बारीक रेघांचे कपडे टाळायला सांगा. नंतर या लाटा काढणं फार किचकट.

प्रश्न : इंटरनेटवरून घेतलेलं एकदम सपाट (कमी कॉन्ट्रास्टचं) पिक्चर प्रोफाइल वापरतो. ग्रेडिंग (एडिटिंगमध्ये रंग बसवणं) केल्यावर रंकाळ्याच्या सूर्यास्तात आकाशात पायऱ्या दिसतात. (राजारामपुरी)

तुमचा कॅमेरा ८ बिटमध्ये नोंदवतो, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. सपाट प्रोफाइलमध्ये आकाशाच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात, आणि ग्रेडिंगमध्ये त्या ताणल्या की मधली फट दिसते. त्वचेवरही तेच होतं, गालावर डाग पडल्यासारखं. ८ बिटच्या कॅमेऱ्यावर फार सपाट प्रोफाइल वापरू नये असं आमचं ठाम मत आहे. कॅननवर न्यूट्रल निवडा, शार्पनेस ०, कॉन्ट्रास्ट उणे २, सॅच्युरेशन उणे १. निकॉनवर न्यूट्रल, किंवा असेल तर फ्लॅट. व्हाइट बॅलन्स शूटिंगच्या वेळीच बरोबर लावा. फोटोच्या रॉ फाइलसारखी नंतर बदलायची मोकळीक इथं नाही.

प्रश्न : १८-५५ किट लेन्सच आहे. आता नवा कॅमेरा घ्यावा की लेन्स? (गडहिंग्लज)

कॅमेरा सर्वांत शेवटी. आधी तेल भरलेल्या फ्लुइड हेडचा (कॅमेरा बसतो तो, संथ फिरणारा भाग) ट्रायपॉड, मग माइक, मग लेन्स. फोटोच्या ट्रायपॉडचं बॉल हेड व्हिडिओला उपयोगाचं नाही, फिरवताना अडखळतं.

सगळे ५० मिमी एफ/१.८ सुचवतात. लेन्स उत्तम आहे, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. दोन मीटरवरून एफ/१.८ला जेमतेम अकरा सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, माणूस बोलता बोलता पुढे झुकला की डोळे गेले. एफ/४ला ती चोवीसच्या आसपास होते, म्हणून एफ/२.८ ते ४ ठेवा. दुसरं, लहान सेन्सरवर अडीच मीटरवरून तिची फ्रेम जेमतेम एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद असते. जुन्या वाड्यातल्या खोलीत दोन माणसं बसत नाहीत. घरातलं काम जास्त असेल तर २४ मिमी एफ/२.८ घ्या, त्याच अंतरावरून सव्वादोन मीटर मिळतात.

प्रश्न : कॅनन ५५०डीवर भजनाचं रेकॉर्डिंग बाराव्या मिनिटाला बंद पडतं. कार्ड बदललं तरी तेच. (हातकणंगले)

कार्डचा दोष नाही. एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे आणि या कॅमेऱ्याचा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सुमारे ३३० एमबी घेतो. नंतरची बरीच मॉडेलं आपोआप दुसरी फाइल सुरू करतात आणि २९ मिनिटं ५९ सेकंदांपर्यंत जातात. तुम्ही दोन अभंगांच्या मध्ये स्वतः थांबवून लगेच चालू करा आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर सलग ठेवा. मधली काही सेकंदं श्रोत्यांच्या शॉटनं झाकता येतात.

प्रश्न : पन्हाळ्यावर पावसाळ्यात शूटिंग केल्यावर लेन्सच्या आत जाळ्यासारखे धागे दिसायला लागले. (शाहूपुरी)

ती बुरशी आहे. आतल्या काचेवर असल्यानं पुसून जात नाही, आणि फार दिवस राहिली तर काचेवरचा लेप कायमचा खाते. लेन्स लवकर दुरुस्तीला द्या. बाकीच्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून, ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरता येतं, पण निळं जेल स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका, त्यात कोबाल्ट असतं. चामड्याची पिशवी पावसाळ्यात ओल धरून ठेवते, तिच्यात लेन्स मुक्कामाला नको. एसी गाडीतून गडावर उतरलात तर बॅगेची चेन वीस-तीस मिनिटं उघडू नका. आणि बुरशी धरलेली लेन्स दुरुस्तीला जाईपर्यंत वेगळ्या डब्यात ठेवा.